आतून ऐकलेले ठोके

पुण्यात आले तेव्हा मला एकाच गोष्टीचा गर्व होता, माझ्या कानांचा. यवतमाळहून बी.एस्सी. होऊन आलेल्या, ना ओळख ना पाळख अशा मुलीने आणखी कशाचा करायचा? येरवड्याच्या पुढे, विमानतळाच्या रस्त्यावर एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस होतं. परदेशातले डॉक्टर रुग्ण तपासून झाला की यंत्रात भराभरा काहीतरी बोलून ठेवत, ते बोलणं आमच्याकडे यायचं आणि आम्ही हेडफोन लावून ते टाइप करायचो. कामाची पाळी पहाटे सुरू व्हायची आणि दुपारी दोनला संपायची. आई यवतमाळला सगळ्यांना सांगायची, पोरगी आयटीत आहे. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

कामाचे नियम पक्के होते. बोललेले शब्द जसेच्या तसे. बाकी खोकला, उसासा, खुर्चीची करकर, मागे रडणारं मूल, हे सगळं कंसात, एका शब्दात, एकदाच. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला तर शेजारी ‘वारंवार’ लिहायचं आणि पुढे जायचं. नव्या मुली प्रत्येक खोकल्याला वेगळा कंस टाकत बसायच्या आणि मी त्यांना झापायचे. कंस वाढले की पान घाण दिसतं, असं मी त्यांना शिकवलं. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

राहायला मी कसबा पेठेत होते, तिसऱ्या मजल्यावर एका काकूंकडे. एक खोली माझी, बाकी घर काकूंचं आणि त्यांच्या निवृत्त यजमानांचं. दुपारी एक वाजला की काकू बेलचं बटण बंद करायच्या आणि चारपर्यंत जग बुडालं तरी उठायच्या नाहीत. दाराबाहेर तशी पाटीच होती. मला हसू यायचं. आमच्या यवतमाळला दुपारी कोणी आलं तर आधी पाणी देतात आणि मग कोण म्हणून विचारतात. पण माझ्याकडे किल्ली होती, त्यामुळे तो नियम मला कधी लागू झाला नाही.

त्या सुमारास ते विमान पडलं. पडलं ते दूर, दुसऱ्याच देशातल्या डोंगरात, पण पुण्यात त्याची चर्चा पहिल्या दिवसापासून होती, कारण दोन वैमानिकांपैकी धाकटा आपला, पुण्याचा होता. हवा स्वच्छ होती, यंत्रात बिघाड नव्हता. थोड्याच दिवसांत तपासणाऱ्यांनी जाहीर केलं की विमान कोणीतरी मुद्दाम खाली नेलं. दोघांपैकी एक जण केबिनबाहेर गेला होता. आत राहिलेल्याने दार आतून बंद करून घेतलं आणि पुन्हा उघडलं नाही. आतला कोण आणि बाहेरचा कोण, हे मात्र कोणाला सांगता येईना. थोरला परदेशी होता, निवृत्तीला आलेला, कित्येक वर्षांच्या अनुभवाचा. धाकट्याचं लग्न नुकतंच मोडलं होतं. वर्तमानपत्रांना तेवढं पुरलं.

त्या धाकट्याचे आईवडील वारज्याला राहायचे. त्यांच्या इमारतीचा फोटो छापून आला, नावासकट, मजल्यासकट. मुलगा गेला हे त्यांना कळलंच होतं. कळायला हवं होतं ते एवढंच, की तो दाराच्या आत होता की बाहेर.

मी यात आले ती त्या कानांमुळे. एके दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं की तपास पथकाला मराठी मातृभाषा असलेला, आवाज ऐकून लिहिण्याची सवय असलेला माणूस हवा आहे. आठ दिवसांचं काम, आमच्याच ऑफिसच्या ट्रेनिंग रूममध्ये, तोंडातून शब्द बाहेर काढायचा नाही. त्या घराशी ओळख आहे का, असं लेखी विचारलं होतं. मी खरं तेच लिहिलं, की नाही. मग सह्या केल्या. मी हरखून गेले होते, हे कबूल करते. माणसं मेली होती आणि मी आरशात बघून केस नीट केले होते.

दिल्लीकडचे एक वयस्क अधिकारी टेपची प्रत घेऊन आले. हळू बोलणारे गृहस्थ. विमानात शेवटचं बोलणं टिपणारं एक यंत्र असतं, त्यांनी समजावलं. या विमानातलं यंत्र जुनं होतं, शेवटचा अर्धाच तास धरून ठेवणारं. आधीचं सगळं त्याच्यावरच पुसलं जायचं. त्यामुळे कोण उठून बाहेर गेलं तो क्षण पुसला गेला होता. उरलेला अर्धा तास दार बंद झाल्यानंतरचा होता. आतला माणूस एक शब्द बोललेला नव्हता. बाहेरून मात्र एक आवाज येत होता, दबलेला, इंजिनांच्या घरघरीत बुडालेला. तो मराठी आहे का, एवढंच मला ओळखायचं होतं.

“जे ऐकू येतं तेवढंच लिहा,” ते म्हणाले. “जे समजतं, ते लिहू नका.”

मी हेडफोन लावला. पहिली दहा मिनिटं फक्त घरघर आणि श्वास. दुसरं काही नाही. घाबरलेल्या माणसाचा नव्हे, जेवून आडवं झालेल्या माणसाचा असतो तसा श्वास, आत, बाहेर, आत, बाहेर. आतला माणूस शुद्धीत होता आणि शांत होता, हे त्यावरूनच ठरलं होतं म्हणे. मग दारावर ठोके सुरू झाले. आधी सावकाश, अदबीने. टक टक. टक. टक टक. मग थोडा वेळ शांतता आणि पुन्हा तसेच. असं बराच वेळ. मग ते भराभर व्हायला लागले, मग मुठीने, मग कशाने तरी जोरात, आणि त्यांच्या आगेमागे तो दबलेला आवाज. श्वास यातल्या कशानेही बदलला नाही. शेवटी धोक्याच्या घंटा वाजू लागल्या आणि त्यांच्या खालूनही तो चालूच राहिला.

तो दबलेला आवाज मी कितीदा ऐकला त्याला गणती नाही. कधी वाटायचं मराठी आहे, कधी वाटायचं कुठलीच भाषा नाही. तिसऱ्या दिवशी मी हेडफोन काढून पाणी प्यायला उठले तर श्वास चालूच. खोलीत कोणी नव्हतं. मी तशीच उभी राहिले आणि जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की तो माझाच आहे. त्याच्या लयीत मी श्वास घेत होते, कधीपासून कोण जाणे. त्या दिवशी घरी आले तर पलीकडच्या खोलीत काकू झोपल्या होत्या. भिंतीतून त्यांचा श्वास ऐकू येत होता, आत, बाहेर. मी चप्पल न घालताच जिना उतरून रस्त्यावर येऊन उभी राहिले.

आठव्या दिवशी मी कागद पूर्ण करून दिला. दबलेल्या आवाजापुढे ‘अस्पष्ट, भाषा सांगता येत नाही’ असं लिहिलं. ते खरं होतं आणि आजही खरं आहे. ठोक्यांपुढे कंसात लिहिलं, ‘दार ठोठावल्याचा आवाज, वारंवार’. एक ओळ. अधिकाऱ्यांचं पेन तिथे थांबलं.

“बस? एवढंच?”

मी मोठ्या ऐटीत सांगितलं की आमच्याकडे असंच लिहितात. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. सगळे शोधत होते ते शब्द आणि घंटा; त्यांच्या लेखी दार वाजवणं म्हणजे दार वाजवणं. पण ते दर वेळी दोन, एक, दोन असंच वाजत होतं, हे मला ऐकू आलं होतं. समजलं नव्हतं, नुसतं ऐकू आलं होतं. आणि ते लिहा असंच मला सांगितलेलं होतं.

काही महिन्यांनी अहवाल आला. आत कोण होतं हे निश्चित सांगता येत नाही, असं त्यात होतं. निश्चित सांगता येत नाही याचा अर्थ पुण्याने आपल्या परीने काढला. ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर, बसमध्ये, डेंटिस्टच्या बाकावर, सगळीकडे तोच निकाल. परदेशी माणूस कशाला करेल, याचंच डोकं फिरलं असणार, आजकालच्या पोरांना नकार पचत नाही. एवढी माणसं याने मारली, असं लोक चहात खारी बुडवत म्हणायचे. मी गप्प असायचे. सही केली होती, आणि सांगण्यासारखं काही माझ्याकडे आहे हे मलाही माहीत नव्हतं.

मात्र माझी बोटं थांबेनात. टेबलावर, बसच्या दांडीवर, जेवताना ताटाच्या कडेवर, टक टक, टक, टक टक. शेजारच्या मुलीने एकदा माझा हातच धरला. आईला फोनवरून ऐकू गेलं तर म्हणाली, “काय वाजवून राहिली गं तू मघापासून?” मी म्हटलं, काही नाही.

मग एका दुपारी किल्ली विसरले. तीन वाजत आले होते, बेल बंद. माझा डोळा लागत होता, उन्हातून आले होते. दाराशी उभं राहून मी वाजवलं. थांबले, पुन्हा वाजवलं. पुष्कळ वेळाने दार उघडलं आणि काकूंनी आधी माझ्या मागे जिन्यात वाकून पाहिलं.

“तू वाजवत होतीस?” त्या म्हणाल्या. “मी उठणारच नव्हते. हे आपल्या घरचं वाजवणं नाही.”

आपल्या घरचं म्हणजे काय, मी विचारलं. तेव्हा त्यांनी जरा कीव करत सांगितलं की दुपारी बेल बंद असते, मग घरच्या माणसाने आत यायचं कसं? त्यांच्या घरी तीन सलग आणि मग तळहाताने एक. त्यांची लेक सासरहून येते तेव्हा असंच वाजवते, इतक्या वर्षांत बदललेलं नाही. खालच्या मजल्यावरच्यांचं वेगळं, समोरच्यांचं वेगळं. ज्या घरात दुपारी निजानीज असते त्या घरात असं काहीतरी ठरलेलंच असतं. पाहुण्याला कळत नाही, घरच्याला शिकवावं लागत नाही.

“आणि तू वाजवलंस ते उगाच वाजवलेलं नव्हतं,” त्या आत वळता वळता म्हणाल्या. “ते कोणाच्या तरी घरचं आहे. कुठून उचललंस?”

इतके दिवस एक माणूस माझ्या बोटांतून दार वाजवत होता आणि मी त्याला कंसात टाकून मोकळी झाले होते.

मला त्याच दिवशी अधिकाऱ्यांना लिहायला हवं होतं. ते केलं नाही. आधी खात्री करावी असं वाटलं, निदान स्वतःला मी तसं सांगितलं. खरं म्हणजे मला धीर धरवला नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी वारज्याची बस पकडली. तेव्हा तिथे अर्ध्या इमारती झालेल्या आणि अर्ध्या बांबूंच्या परांचीत होत्या. चौथ्या मजल्यावर त्या दाराशी नावाची पाटी नव्हती, तिच्या जागी स्क्रूची चार भोकं होती. दुसरी पाटी तेवढी शाबूत होती, दुपारी एक ते चार बेल बंद असते म्हणून. ती वाचली आणि मी घड्याळ पाहिलं. सव्वादोन वाजले होते.

शेजारच्या घरी चौकशी करता आली असती. चारपर्यंत थांबता आलं असतं. मी हात उचलला आणि वाजवलं. टक टक. टक. टक टक.

आत काहीतरी पडलं, भांडं असावं. मग अनवाणी पावलं, धावत येणारी. कडी निघाली, दार उघडलं, आणि त्या बाईंची नजर माझ्या डोक्याच्या बरीच वर गेली, एखाद्या उंच माणसाचा चेहरा असायला हवा तिथे.

“किल्ली नेली नव्हतीस का रे?” त्या म्हणाल्या.

मग नजर खाली आली. मी आयुष्यात कोणाला एवढं दुखवलेलं नाही, आणि ते मी जाणूनबुजून केलं होतं. मागून त्यांचे यजमान आले. शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते ते. पत्रकार असाल तर पाटीवर वेळ लिहिली आहे, एवढंच म्हणून ते दार लावायला लागले. मी सही मोडली. ती टेप मी ऐकली आहे, असं सांगितलं. आत्ता वाजवलं ते त्या टेपमध्ये आहे, असं सांगितलं.

“कुठून?” बाईंनी विचारलं. “आतून की बाहेरून?”

“बाहेरून.”

त्या उंबऱ्याशीच खाली बसल्या. “म्हणजे तो बाहेर होता,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच झाला असावा. मी ते पाहत होते, आणि मला बरं वाटलं, तेवढ्यात तो पुन्हा बदलला.

“आणि कोणी उघडलं नाही,” त्या म्हणाल्या.

सर पाणी आणतो म्हणून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. नळ बराच वेळ वाहत होता. तो काही बोलला का, असं बाईंनी हळूच विचारलं. माझ्याकडे खोटं बोलण्याची सोय होती. पण जे ऐकू आलं नाही ते कसं सांगू? अस्पष्ट होतं, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि बरं म्हणाल्या.

घरी येऊन मी अधिकाऱ्यांना सगळं लिहिलं. वारज्याला जाऊन आले हेही लिहिलं. उत्तर आलं ते इंग्रजीत, छापील. टेप पुन्हा ऐकली, ठोक्यांची तशी लय सुरुवातीला आढळते, हे त्यांनी मान्य केलं होतं. पण मूळ नोंदीत, माझ्या सहीने, तिचा उल्लेख नाही. आता मी कुटुंबाला भेटून, ती लय त्यांना स्वतः ऐकवून आले आहे, त्यामुळे त्यांची ओळख आणि माझी साक्ष, दोन्ही धरता येणार नाहीत. निष्कर्ष आहे तसाच राहील. गुप्ततेचा भंग झाल्याचं ऑफिसला कळवलं होतं, तेव्हा नोकरीही गेली. तिचं मला फार काही वाटलं नाही. पत्राच्या तळाशी त्या हळू बोलणाऱ्या गृहस्थांनी शाईच्या पेनाने एक ओळ लिहिली होती: तेव्हा लिहिलं असतं तर आम्हीच त्या घरी जाऊन विचारलं असतं.

ते पत्र दाखवायला मी पुन्हा वारज्याला गेले. या वेळी चार वाजून गेल्यावर, आणि बेल वाजवून. सरांनी ते दोनदा वाचलं, परीक्षेचा पेपर वाचावा तसं, आणि घडी घालून परत दिलं. सोसायटीतली माणसं हल्ली बेल वाजवत नाहीत, ते म्हणाले, दुपारचीच काय, कुठलीच नाही, तेव्हा ती पाटीसुद्धा आता काढून टाकायला हरकत नाही. मी म्हटलं, चूक माझी आहे. हो, ते म्हणाले. त्यांनी माझी समजूत काढली नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

बाई उठल्या आणि म्हणाल्या, “मला एकदा ऐकायचंय. तुम्ही बाहेर उभ्या राहा. जसं ऐकलंत तसंच वाजवा, घाई करू नका.”

सर नको म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. मी जिन्यात जाऊन उभी राहिले आणि आतून कडी लागली.

तोवर ते ठोके मी नेहमी आतून ऐकले होते. टेप आत होती, श्वास आत होता, माझे कान आत होते. बाहेरच्या बाजूला मी पहिल्यांदाच उभी होते. दाराला नवा रंग होता आणि डोळा लावायचं भोक होतं, त्याच्या पलीकडे कोणाची तरी सावली. मी वाजवलं. टक टक. टक. टक टक. थांबले. टेपमध्ये जेवढी शांतता होती तेवढी मला पाठ होती. त्या शांततेत दारापलीकडून श्वास ऐकू आला, अगदी जवळून, आत, बाहेर. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा तेवढीच थांबले. समोरच्या फ्लॅटचं दार बोटभर उघडलं आणि मिटलं. किती वेळा वाजवायचं ते ठरलं नव्हतं. पुढे ते कसं होत गेलं, मुठीने कसं वाजलं, तेही मला पाठ होतं, आणि माझी मूठ आपोआप वळायला लागली होती.

तेवढ्यात कडी निघाली. बाईंनी दार सताड उघडलं आणि भिंतीला पाठ लावून बाजूला उभ्या राहिल्या. मी आत आले तरी त्या तशाच, एका माणसाएवढी वाट सोडून. सरांनी दार लावायला हात पुढे केला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “थोडा वेळ उघडं राहू दे.”